चौदा आणि पंधराच्या मधे

नकाशावर त्या जागेला मी नाव दिलं होतं
बहुउद्देशीय सभागृह.
शामराव बिरंजे चष्मा वर सरकवून म्हणाले,
म्हंजे लग्नाचा हॉल न्हवं का?
आणि सगळं विणाई खातं हसलं,
म्हणजे त्यातले उरलेले सातजण.

खांब बेचाळीस, बिडाचे.
आठवडाभर टेप लावून मोजलेत मी.
दोन खचलेत, एकाच्या डोक्यात पिंपळ.
छपराला करवतीचे दात, काचा उत्तरेकडं,
ऊन आत येऊ नये, नुसता उजेड यावा.
फरशी खरवडली की अजून तेल निघतं
आणि तेलाखाली कापसाचं तूस,
ओलं, करडं, उंदराच्या पिलासारखं.

बैठक वजनकाट्याजवळ, चिंचेखाली.
तालमीच्या पोरांना लेझमाला पटांगण पाहिजे,
भजनी मंडळाला दर गुरुवार,
शाहिराच्या नातवाला रंगमंच, तोही फिरता,
नगरसेवकांना कमान,
कमानीवर वडिलांचं नाव.
रेहाना शिकलगार एवढंच म्हणाली,
बायकांचा संडास कुठं हाय ह्यात?
नव्हता.
मी पेन्सिल काढली.

मग पुण्याचे ध्वनितज्ज्ञ
आम्हा सगळ्यांना आत घेऊन गेले.
मधोमध उभे राहिले, हात डोक्यावर नेले
आणि दोनदा टाळी वाजवली.
आवाज छपराच्या दातांवरनं घरंगळत गेला,
परत आला, पुन्हा गेला.
चार सेकंद, ते म्हणाले, फार आहे,
वरती फोम लावावा लागेल.

पण सातहीजण मागं सरकले होते.
एकदम. न बघता.
शामरावांनी तर शेजारच्या पोराला
दंडाला धरून ओढलं होतं.

डोक्यावर दोन टाळ्या,
अंजाक्का कोगनोळेंनी सांगितलं,
म्हंजे वरचा पट्टा सुटलाय, सरका.
वायंडिंगला बत्तीस वर्षं काढली त्यांनी,
कान तिथंच ठेवून आल्या.
टाळी त्यांना ऐकूच आली नव्हती.
त्यांनी ती बघितली होती.

साच्यांच्या आवाजात कोण कुणाचं ऐकणार?
मग हातांनीच बोलायचं.
चिमूट सोडली की धागा तुटला.
हनुवटीवरनं हात फिरवला की मुकादम, दाढीवाला.
दोन बोटं ओठाला, मग पोटाला:
घरनं डबा आला न्हाई, तुझ्यातलं दे.
अंजाक्का एका खांबाशी, शामराव लांब दुसऱ्या टोकाला,
काय बोलले ते आम्हाला कळलं नाही,
पण बाई लाजल्या,
आणि बाकीचे पाचजण पोट धरून हसले.
हाच आमचा कारेक्रम, त्या म्हणाल्या,
रोज आठ तास. तिकीट न्हाई.

इतिवृत्तात यातलं काही नाही.
फोम मंजूर झाला. कमानही.
संडास मी बसवला, चार,
त्यापायी रंगमंच सहा फूट आत गेला
आणि नातू अजून माझा फोन उचलत नाही.
फक्त चौदा आणि पंधरा नंबरच्या खांबांमधे,
जिथं अंजाक्का सरकून उभ्या राहिल्या होत्या,
मी काहीच लिहिलेलं नाही.
साडेअकरा फूट.
अभियंते रोज विचारतात, इथं काय?
तिथलं नाव मला हातानं करता येतं,
अक्षरात बसत नाही.

काल निघायला उशीर झाला.
फाटकापाशी जनरेटर धडधडत होता,
पहारेकरी पलीकडं, नवा मुलगा, गारगोटीचा.
मी अंगठा खांद्यावरनं मागं फेकला,
त्यांनी शिकवला तसाच:
पाळी सुटली.
त्यानं मान डोलावली
आणि धावत रस्त्यावर जाऊन
माझ्यासाठी रिक्षा थांबवली.